राजांची तीन वर्षं आणि माझी

आमच्या घरात आदाम दाराच्या डाव्या हाताला होता. तिथल्या खिळ्यापासून खाटेची पांढरी नवार सुरू व्हायची आणि माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरून भिंतीभिंतीनं सगळ्या खोलीला वेढा घालायची. बाबांनी तिच्यावर एका बोटाला पाच वर्षं या मापानं शाईच्या रेघा मारल्या होत्या आणि रेघांवर बारीक अक्षरात नावं लिहिली होती. नोहा ज्वारीच्या कणगीवर आला होता, अब्राहाम मायच्या लुगड्यांच्या वलणीमागं, आणि मिसर देशातून सुटलेले इस्राएल लोक चुलीच्या धुरानं काळे पडले होते. दावीद राजापर्यंत चारी भिंती संपल्या म्हणून पुढचे राजे ओसरीत गेले. ही नवार घरातल्या एकुलत्या एका खाटेची. मिशनचे साहेब गाव सोडून गेले तेव्हा ती खाट बाबांना देऊन गेले होते. बाबांनी एका दुपारी ती सगळी उसवली आणि तेव्हापासून आम्ही तिघं जमिनीवर झोपायचो. "चार हजार वरसं भिताडावर चढली आन आम्ही भुईवर आलो," असं माय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. माझं अंथरूण जलप्रलयाच्या बरोबर खाली होतं. दुपारी ओसरीतून झळा आत यायला लागल्या की दोन खिळ्यांच्या मधली नवार हलायची आणि कुणीतरी भिंतीवर हलक्या हातानं थापटतंय असा आवाज यायचा. मी त्या आवाजाला भ्यायचे, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती. पवित्र शास्त्राला भ्यायचं कशाला, असं बाबा म्हणाले असते.

बाबा मिशनच्या लहानशा शाळेत मास्तर होते आणि रविवारी त्याच शाळेच्या खोलीत उपासना घ्यायचे. गाव अहमदपूर तालुक्यातलं, लोह्याच्या हद्दीला लागून. मंडळी म्हणजे मोजकी घरं, सगळी दुसऱ्यांच्या रानात राबणारी. त्यांतल्या संतराम आजानं एकदा उपासना झाल्यावर विचारलं होतं, "मास्तर, नोहा आन दावीद एका टायमाचे का? दोघायची कधी भेट झाली का न्हाई?" लोक हसले. बाबा हसले नाहीत. त्यांना त्या प्रश्नानं धरलंच. आजाच्या मनात नोहा, दावीद, मोशे, त्याचा स्वतःचा खापरपणजा, सगळे एकाच अंतरावर उभे होते, 'लई वर्षांमागं' या एकाच जागी. कोण आधी, कोण नंतर हे माहीत नसेल तर माणूस सगळ्यालाच कहाणी समजेल, असं बाबांना वाटलं. मग त्यांनी शास्त्रातली प्रत्येक वंशावळ, अमक्यानं तमक्या वर्षी तमक्याला जन्म दिला आणि त्यानंतर इतकी वर्षं जगला, असा एकेक आकडा उचलून नवारीवर आणायला सुरुवात केली. एकदा उदगीरहून एक फिरते उपदेशक आले होते. सगळं बघून म्हणाले, मास्तर, एवढं मोजलंच आहे तर जगाचा अंत कधी तेही काढा. "मागलंच बसंना झालंय साहेब, फुडलं कुठून सांगू," बाबा म्हणाले आणि त्यांना चहा दिला.

मथुशलह मला आठवतो. शास्त्रातला सगळ्यात जास्त जगलेला माणूस, हजाराला थोडी कमी इतकी वर्षं. बाबांनी त्याची रेघ ओढत आणली आणि ती नेमकी जलप्रलयाच्या वर्षात येऊन संपली. बाबांनी दोनदा बेरीज केली, परत तेच. मी विचारलं, "म्हणजे तो बुडाला का आधीच मेला?" नोहाचा सख्खा आजा तो, नातवानं एवढं तारू बांधलं, मग आज्याला आत घेतलं नाही का? बाबांनी शास्त्र काढून तो भाग परत वाचला. "लिहिलं न्हाई," ते म्हणाले. त्यानंतर मी त्या जागेखाली झोपायचे तेव्हा मला तो म्हातारा दाराबाहेर उभा असलेला दिसायचा, पाणी घोट्याला लागलेलं, कान आतल्या आवाजाकडं. बाहेर गावात घोटभर पाण्याची मारामार होती, आणि मी पुराखाली झोपत होते.

कारण दुष्काळ पडलेला होता. तो मोठा दुष्काळ नव्हे, बहात्तरचा. तो माझ्या या गोष्टीच्या दहा वर्षं आधीचा. हा त्याचा धाकटा भाऊ म्हणावा असा. आडात बादली सोडली की ती खडकावर आपटून खडखडायची आणि तो आवाज शाळेपर्यंत यायचा. पोरं आडात वाकून स्वतःच्या नावानं हाका मारायची आणि खालून नाव परत यायचं. मला मात्र सोजरबाई तिथं जाऊ द्यायची नाही. सोजरबाई आमची शेजारीण, मायची जुनी सोबतीण. आडाच्या काठावर मी दिसले की हाताला धरून मागं ओढायची आणि कारण सांगायची नाही. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची पातळ आमटी आणि मिळाली तर अंबाडीची भाजी, करडईचं तेल बोटानं मोजून. त्यातच एका दिवशी कळलं की आपला तालुका आता उस्मानाबादेत नाही, नवा जिल्हा झाला, लातूर. पारावर गुलाल उधळला, कुणी पेढे वाटले, आणि पाणी घेऊन आलेल्या टँकरवाल्यानं "आता तुम्ही लातूरवाले, आता काय" म्हणून सगळ्यांची चेष्टा केली. बाबांनी शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर खडूनं नवी हद्द मारली. मायचं माहेर लोह्याचं, ते पलीकडं नांदेडात राहिलं. शलमोन राजानंतर राज्य दुभंगलं तसंच हे, असं बाबा म्हणाले, आणि त्याच दिवसांत ते त्या दुभंगलेल्या राज्यात अडकले.

ते अडकणं मला सांगितलं पाहिजे, कारण माझं सगळं त्यातूनच निघालं. दावीदाचा मुलगा शलमोन गेल्यावर दोन राज्यं झाली, वर इस्राएल आणि खाली यहूदा. दोन्हीकडच्या राजांची वर्षं शास्त्रात दिलेली आहेत. पुढं एका सरदारानं बंड केलं आणि दोन्हीकडचे राजे एकाच वेळी मारले. म्हणजे फाळणीपासून त्या बंडापर्यंतची बेरीज दोन्ही बाजूंनी सारखीच यायला हवी. ती येत नव्हती. इस्राएलच्या बाजूला तीन वर्षं जास्त भरायची. बाबा ओसरीत उकिडवे बसून नवारीकडं बघत राहायचे, चहा निवून जायचा. "देव तीन वर्षं चुकणार न्हाई," एवढंच म्हणायचे. ते सुटलं एका भांडणातून. सोजरबाईचा नातू रांगत रांगत आमच्या चुलीशी आला. माय म्हणाली, ह्याला पहिलं वर्ष लागलंय, आत्ताच एवढा वांड. बाबा चिडून म्हणाले, "आठ महिन्याचं लेकरू, वर्ष कुठं झालं त्याला?" माय म्हणाली, "झालं कोण म्हणतंय, लागलं म्हणले. लागलेलं मोजत न्हाईत का मग?" बाबा तोंड उघडं ठेवून तिच्याकडं बघत राहिले आणि एकदम उठून ओसरीत गेले. एकीकडं लागलेलं वर्ष मोजत असतील आणि दुसरीकडं सरलेलं. वर्षाच्या मध्ये राजा मेला तर तेच एक वर्ष मेलेल्याच्याही नावावर आणि नव्याच्याही नावावर. इस्राएलचे राजे भराभर मेले, म्हणून तिकडं वर्षं फुगली. दिवेलागणीपर्यंत दोन्ही बाजू बरोबर बसल्या. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी मला उचलून गोल फिरवलं आणि म्हणाले, "सगळं बसतं बघ इस्तर. नीट मोजलं की सगळं बसतं." माझं नाव एस्तेर, पण गावात आणि घरात मी इस्तरच.

मी पुढं आयुष्यभर नांदेडला नर्स होते. कुणी वय सांगितलं की माझ्या तोंडून अजून आपोआप निघतं, लागलं का सरलं? नव्या पोरी हसतात. हसू देत.

तर माझं वय. कुणी विचारलं की माय म्हणायची, "तेरावं लागलं." शाळेत माझं वय दहा होतं. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, कारण शाळेत वय कमी लावायचीच रीत होती. पुढं नोकरीला बरं पडतं म्हणून मास्तर लोक सगळ्याच पोरांची दोन-तीन वर्षं खाऊन टाकायचे आणि अर्धं गाव जूनच्या पहिल्या तारखेला जन्मलेलं होतं. लागलं-सरलंचा घोळ आणि मास्तरांची मेहेरबानी, दोन्ही मिळून तीन वर्षं सहज पचत होती. पण माय खरोखरच मला तेराची धरून चालली होती. माझ्याकडून ती तेराव्या वर्षाची कामं करून घ्यायची आणि मला ती झेपायची नाहीत. दाराच्या चौकटीशी मला उभी करून बघायची. "पोरगी वाढंना कामून," असं सोजरबाईला विचारायची, आणि सोजरबाई दुसरीकडं बघायची. मी वाढत नाही म्हणून माय मला खाऊ घालायची. जेवताना तीन-तीनदा विचारायची, पोट भरलं का, खरंच भरलं का. झोपताना माझ्या उशाशी फडक्यात चतकोर भाकरी ठेवायची. दुष्काळात, कणगीचा तळ दिसत असतानाही ती चतकोर चुकली नाही. सकाळी मी ती तशीच परत दिली की तिचा चेहरा उतरायचा.

आणि मी न केलेल्या गोष्टी मला सांगितल्या जायच्या. मी बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेल्या मिलोच्या लाल ज्वारीची भाकरी खाऊन जगले. मी सडकेच्या कामावर मायच्या पाठीला बांधलेली असायचे. मला हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि त्या मी स्वतः फोडल्या. माझ्या डाव्या तळपायावर एक लासं आहे, जन्माचं, काळपट. माय अंघोळ घालताना त्यावरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "म्या लावलेली तीट हाय ही, जाता जाईना." मला वाटायचं आईलोक असंच बोलतात. भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटायची. मला ती भाकरी आठवत होती. बैलगाडीच्या खालची सावली, चाकाची लोखंडी धाव डोळ्यांपाशी, लाल भाकरीचा तुकडा आणि तो देणारा एक म्हातारा हात. चव आठवत होती. पुढं सगळं पांढरं, चुन्यासारखं. एकदा मी मायला म्हणाले, मला मिलोची भाकरी आठवते, तर तिनं माझं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. ती हसत होती, पण डोकं सोडत नव्हती. परत मी तो विषय काढला नाही.

सगळं बसतं, असं बाबा म्हणाले होते. नवारीचा उरलेला तुकडा माझ्याकडं होता. मी त्यावर स्वतःला मांडायला बसले. गावात तारीख कुणालाच माहीत नसायची पण आधीनंतर सगळ्यांना पक्कं माहीत असायचं. दुष्काळ आधी आणि गावात लाईट नंतर, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. दुष्काळ सरून पहिलं बरं पीक आलं त्या साली खांब आले. टँकरच्या रांगेत मी सोजरबाईला विचारलं, लाईट आली तेव्हा मी केवढी होते. ती घागरीकडं बघत सहज बोलून गेली, "तू कुठली, तू पोटात व्हतीस. गुलूप पेटला आन तुझी माय भरल्या पोटानं माझ्या ओट्यावर बसून टाळ्या वाजवू लागली." आणि मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. मी घरी येऊन तुकड्यावर तीन खुणा केल्या. दुष्काळात मी मिलोची भाकरी खाल्ली. त्यानंतर लाईट आली तेव्हा मी पोटात होते. लागलं का सरलं, कसंही मोजलं तरी हे बसत नव्हतं. मी जन्मायच्या आधी जेवले होते.

मी तो तुकडा घेऊन शाळेत गेले. सुट्टीचा दिवस, बाबा एकटेच फळा पुसत होते. त्यांनी तुकडा पाहिला आणि बाकावर बसले. बाबांना खोटं बोलता यायचं नाही, गप्प बसता यायचं. पण त्या दिवशी ते बोलले. "तुझ्या आधी एक होती," ते म्हणाले. "तिचं बी नाव एस्तेरच. मोठ्या दुष्काळात माय तिला घेऊन सोजरबाईसंगं लोह्याच्या सडकेच्या कामावर गेली. मला शाळा सोडून जाता आलं न्हाई. तिथंच गेली ती. गाडीखाली निजवली होती, माय खडीवर होती. तिथंच पुरली." मग उठून त्यांनी फळ्याचा उरलेला कोपरा पुसला. आमच्याकडं एक मूल गेलं की दुसऱ्याचं नाव दगडी किंवा केराबाई ठेवायचे, मरणाची नजर पडू नये म्हणून. मायनं ऐकलं नाही. "तू झालीस तवा तिनं तुझा तळपाय बघितला. त्या दिवशी सकाळी तिनं पोरीला तिथंच तीट लावली होती. बघितलं आन म्हणली, आली. तेच नाव ठेवा म्हणली. मी उपदेशक माणूस. मेलेलं माणूस दुसऱ्यांदा पोटी येतं असं आपल्यात न्हाई, मंडळीला मीच सांगतो तसं. घरात सांगायचं धाडस झालं न्हाई." मी म्हणाले, मग आता सांगा. बाबा म्हणाले, "ती गेल्यावर तुझ्या मायनं अन्न सोडलं होतं, बेटा. नुसतं पाण्यावर, अंगाचं चिपाड झालं होतं. तू आलीस आन जेवायला लागली. आता तूच सांग, कसं सांगू." मला त्यांचा फार राग आला. साऱ्या शास्त्रातली वर्षं जुळवणारा माणूस, आणि घरातली तीन वर्षं त्यानं तशीच लोंबकळत ठेवली होती.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सोजरबाई मला आडापाशी का जाऊ द्यायची नाही तेही कळलं; मी नाव हाकारलं तर खालून दुसरीच कुणीतरी ओ देईल, याला ती भ्यायची. इतर पोरांची वर्षं शाळेनं खाल्ली होती, माझ्याकडं तीन वर्षं जास्त होती आणि ती दुसऱ्या कुणाची तरी होती. माय हाक मारायची तेव्हा मला वाटायचं, ती माझ्या थोडी मागं बघतेय. उशाशी भाकरी ठेवायची तेव्हा कळायचं, ही माझ्यासाठी नाही. नवारीवर काही राजे असे होते की बापानं जिवंतपणीच मुलाला गादीवर बसवलं; तिथं दोन रेघा एकावर एक यायच्या, आणि त्या वर्षांत राज्य नेमकं कुणाचं ते बाबांनाही सांगता यायचं नाही. मी त्या दुहेरी रेघांखाली उभी राहायचे आणि भाकरीची ती चव तोंडात यायची. ती कुणाला आठवतेय, मला की तिला? मी असेन तर ती आठवण माझ्याकडं आली कुठून? मी ठरवलं की मायला सांगायचं. ती परत जेवण सोडेल याची भीती होती, आणि न सांगता मी अशीच कुणाच्या तरी जागी बसून राहीन याचीही. दुसरी भीती जास्त होती, हे खरंच सांगते.

घरातली ज्वारी सरत आली तशी माय सोजरबाईबरोबर रोजगार हमीच्या कामाला जायला लागली. काम लोह्याच्या बाजूचं, नव्या जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत सडक रुंद करायचं. तीच सडक. एका सुट्टीच्या दिवशी मी तिची भाकरी घेऊन गेले. भर दुपार, सडकेवरची हवा थरथरत होती, आणि खडी फोडण्याचा आवाज एकाच्या मागं एक असा लांबून येत होता. बायका जेवायला एका बाभळीखाली जमल्या होत्या. बाजूला हद्दीचा नवा दगड रोवला होता आणि लातूरहून आलेला एक पेंटर तिथं बसून त्याला चुना मारत होता. बाभळीच्या सावलीत पाय ठेवला आणि मी थांबले. मला ती जागा माहीत होती. उतार, उताराखालची पांदण, पांदणीपलीकडची काळी टेकडी. ती मी याआधी बघितलेली होती, जमिनीलगतच्या उंचीवरून, चाकाच्या आऱ्यांतून. तिथं गाडी उभी होती, असं मी म्हणाले की नुसतं मनात आलं, मला नक्की आठवत नाही. पण मायनं हातातला घास खाली ठेवला.

मी सांगायला आले होते ते सांगायला तोंड उघडलं. "माय, मी तेराची न्हाई," मी म्हणाले. "मी दहाची हाय." बायका जेवायच्या थांबल्या. माय माझ्याकडं बघत नव्हती, त्या उताराकडं बघत होती. मग एकदम खालच्या आवाजात, जणू आम्ही दोघीच तिथं आहोत, तिनं विचारलं, "मी पल्याड खडीवर व्हते. चतकोर तुकडा व्हता, त्यो बी सकाळी म्याच खाल्ला, काम व्हईना म्हणून. आले तवा तू निजलेली. मला इतकंच सांग इस्तर. भूक लागली व्हती का गं तुला?"

मी तिथं उभी होते, दहा वर्षांची, सगळं मोजून, सिद्ध करून आलेली. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की ती मी नव्हे. तेच खरं होतं. आणि मी म्हणाले, "न्हाई माय. मी जेवले व्हते." मायनं विचारलं, "कोण दिलं?" "एक म्हातारी व्हती. ती बसली माझ्यापाशी. लाल भाकर दिली, गूळ लावून." "खाल्लीस?" "हाव." "सगळी?" "सगळी. पोट भरलं. मग झोप आली." आणि हे बोलत असताना, याआधी कधीच न दिसलेलं मला दिसलं. हातामागचा चेहरा वाकला आणि त्याला डावा कान होता, पाळी खालपर्यंत फाटलेली, दोन लोंबत्या टोकांची. "तिचा कान फाटका व्हता," मी म्हणाले. "ह्या बाजूचा."

सोजरबाईच्या हातातली भाकरी मोडली. "गंगू," ती म्हणाली. "हदगावकडची म्हातारी. तिच्या टोळीत तिचाच कान फाटका व्हता. पोर गेली त्याच्या दुसऱ्याच दिशी ती टोळी काम सोडून निघून गेली." माय तिच्याकडं वळली, "तू मला कधी सांगितलं न्हाईस." "मला काय मालूम बाई, ती पोरीपाशी बसली व्हती म्हणून. कुणालाच मालूम न्हवतं."

याचा खुलासा मी आयुष्यभर करत आले आहे. जड बुगड्यांनी कान फाटलेल्या म्हाताऱ्या तेव्हा गावोगाव होत्या. पोरीनं अंदाजानं बोलावं आणि बरोबर यावं, यात अशक्य काही नाही. मायच्या झोपेतल्या बडबडीतून मिलो आणि गाडी माझ्या कानावर पडली असेल. मी शिकलेली बाई आहे, मी मरणं पुष्कळ पाहिली, आणि बाबा सांगायचे तेच मीही मानते, माणूस एकदाच मरतो. फक्त एवढंच की त्या दुपारी मी अंदाज करत नव्हते.

माय रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं आपली भाकरी उचलली आणि खायला लागली, हळूहळू, शेवटच्या तुकड्यापर्यंत, आणि मला खा म्हणाली नाही. तसं याआधी कधी झालं नव्हतं. बायकाही मग गप्प जेवल्या. हद्दीच्या दगडाशी बसलेल्या पेंटरला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तो पाणी मागायला आला, लोट्यानं वरून प्यायला, आणि मला बघून मायला म्हणाला, "एवढ्या उन्हात पोरीला आणलंय बाई. कितीची हाय ही?"

मायनं माझ्याकडं पाहिलं. मागं नाही, माझ्याकडंच, आधी पायांकडं, मग हातांकडं, मग तोंडाकडं, नव्यानं घरात आलेल्या माणसाकडं बघावं तसं. "दहावं लागलं," ती म्हणाली.

"एकलीच का?"

"न्हाई, दोन हायेत मला. ही धाकटी."

"आन थोरली कुठं असती?"

मायनं फडकं झटकलं, चौघडी करून कमरेला खोचलं आणि कामावर जायला उठली.

"थोरली हितंच असती," ती म्हणाली.